कापूस विकणारे गाव, कापड विकणारे गाव

शाळेत 'विकसनशील देश' हा धडा आला की आम्ही मुलांना अर्थ सांगतो, मुले तो वहीत उतरवून घेतात आणि पान उलटते. व्यापार वाढला की देशाचे उत्पन्न वाढते, कारखाने आले की लोकांना काम मिळते, एवढे लिहिले की गुण मिळून जातात. पण वर्गात बसलेल्यांपैकी कितीतरी मुलांच्या घरी यंत्रमाग आहेत, काहींचे अब्बा जिनिंगमध्ये हमाली करतात, काहींच्या घरी चार-पाच एकर कापूस आहे. व्यापार आणि कारखाना ही दोन्ही त्यांच्या घरातलीच माणसे. त्यांनी विचारले की, मग आमच्या घरात ही वाढ दिसत का नाही, तर त्याचे उत्तर दोन ओळींत देता येत नाही. म्हणून या महिन्याच्या पानावर तोच विषय घेतला आहे.

उर्दूत याला दोन चांगले शब्द आहेत, तिजारत आणि सनअत. तिजारत म्हणजे माल इकडून तिकडे नेणे, सनअत म्हणजे माल घडवणे. आपल्या खान्देशाने ही दोन्ही पाहिली आहेत, आणि एकीशिवाय दुसरीचे काय होते हेही पाहिले आहे.

आधी जुनी गोष्ट. फारुकी सुलतानांच्या काळापासून खान्देशची राजधानी बुऱ्हाणपूर. आज ते मध्य प्रदेशात आहे, पण सोयरिकी अजून इकडेच होतात. सतराव्या शतकात ताव्हर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या त्या शहरातून गेला. बुऱ्हाणपूरचे पांढरे तलम कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तान आणि थेट कैरोपर्यंत जाते, असे त्याने लिहून ठेवले आहे. म्हणजे त्या काळी खान्देश कापड विकत होता. कापूस इथलाच, सूत इथले, विणणारा इथला, रंगारी इथला. परदेशातून आलेला पैसा या सगळ्या हातांतून फिरायचा.

दोनशे वर्षांनी चित्र उलटे झाले. इंग्लंडात यंत्रे आली, मँचेस्टरचे कापड आपल्या बाजारात स्वस्त मिळू लागले, आणि आपल्याकडून कच्चा कापूस बाहेर जाऊ लागला. त्यात १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला. सगळ्यांच्या नजरा हिंदुस्थानकडे आणि मिसरकडे वळल्या. भाव कित्येक पटींनी चढले. नेमक्या त्याच दशकात मुंबईहून निघालेली रेल्वे चाळीसगाव, जळगाव, भुसावळ करत पुढे सरकली आणि १८६७ मध्ये नागपूरला पोचली. आज आपण ज्याला जिल्ह्याचे शहर म्हणतो ते जळगाव कापसाची पेठ म्हणून नावारूपाला आले ते या काळात. शेतकऱ्याच्या हातात कधी नव्हता एवढा पैसा आला. मुंबईत तर शेअरबाजाराला वेडच लागले होते. समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपन्यांचे कागद लोक डोळे मिटून विकत घेत होते.

१८६५ मध्ये युद्ध संपले. भाव कोसळले. मुंबईत बँका बुडाल्या, आणि गावोगाव ज्यांनी चढ्या भावाच्या भरवशावर कर्ज काढले होते ते सावकाराच्या वहीत अडकले. दहा वर्षांनी, १८७५ मध्ये, पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची खाती जाळली. त्या दंग्यांची कारणे सांगताना इतिहासकार या पडलेल्या भावाचाही उल्लेख करतात.

याच चार वर्षांत मिसरमध्ये काय झाले ते वाचण्यासारखे आहे. तिथेही कापसाला सोन्याचा भाव आला. १८६३ मध्ये गादीवर आलेल्या इस्माईल पाशाने रेल्वे, कालवे, राजवाडे असे सगळे एकदम काढले, तेही युरोपातून कर्ज घेऊन. भाव पडले तरी कर्ज तसेच राहिले. १८७५ मध्ये सुएझ कालव्यातले सरकारचे भाग इंग्लंडला विकावे लागले, १८७६ मध्ये देशाचे दिवाळे निघाले आणि १८८२ मध्ये इंग्रजी फौज येऊन बसली. एका पिकावर, तेही कच्च्या, उभी राहिलेली श्रीमंती अशी एका पिढीत संपली. पुढे १९२० मध्ये तलअत हर्ब यांनी बँक मिस्र काढली आणि तिच्या पैशावर १९२७ मध्ये महल्ला अल-कुब्रा या गावी सूत-कापडाची गिरणी उभी राहिली. 'आपला कापूस आपणच विणू' हे म्हणायला मिसरला साठ वर्षे लागली.

आपल्याकडे ते थोडे आधी घडले. जळगावला खान्देश मिल १८७० च्या दशकात निघाली. अमळनेरला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रीमंत प्रताप शेठ यांनी प्रताप मिल काढली, पुढे धुळ्यालाही न्यू प्रताप मिल आली. गिरणीने काय केले? भोंग्यावर चालणारे काम दिले आणि महिन्याला ठरलेला पगार दिला. पाऊस पडो न पडो, पगार ठरलेला. त्या पगारावर दुकाने चालली, पोरे शाळेत गेली. अमळनेरात १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उघडले तेही प्रताप शेठांच्याच पैशाने. नंतर या गिरण्या जुन्या यंत्रांनी थकल्या आणि एकेक करून बसल्या. जळगाव स्टेशनजवळ खान्देश मिलच्या जागेवर आज बाजारसंकुल आहे. तिथे जाणाऱ्या तरुण मुलांना 'खान्देश' हे नाव गिरणीचे होते हे सांगावे लागते.

अमळनेरचे आणखी एक उदाहरण आहे, आणि ते आपल्या वाचकांनी नीट माहीत करून घ्यावे असे आम्हाला वाटते. २९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हाशम प्रेमजी या व्यापाऱ्याने 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' नावाची कंपनी नोंदवली आणि कारखाना घातला अमळनेरला. घराणे मूळचे धान्याच्या व्यापारातले, तांदळाचे मोठे नाव. त्यांनी मुंबई सोडून हे गाव का निवडले असेल? आजूबाजूला भुईमूग पिकत होता, बाजार होता आणि सुरतेकडे जाणारी रेल्वे गावातून जात होती. तोवर व्यापारी इथून शेंगदाणा उचलून बाहेर न्यायचे. प्रेमजींनी तो इथेच थांबवला. तेलापासून 'सनफ्लॉवर' नावाचे वनस्पती तूप झाले, आणि तेल काढताना जे उरते त्याचा '७८७' नावाचा कपड्यांचा साबण. ही साबणाची गोष्ट आम्ही वर्गात मुद्दाम सांगतो. दाणा जसाच्या तसा विकला असता तर त्यातले साबणाचे पैसे दुसऱ्याच गावाने कमावले असते. साबण बनवायला माणूस लागतो, वड्या कापायला, कागदात गुंडाळायला, पेट्या भरायला, यंत्र बिघडले तर दुरुस्त करायला माणूस लागतो. एका दाण्यावर गावातले किती हात लागले, ते मोजायचे.

१९६६ मध्ये प्रेमजी वारले. मुलगा अझीम तेव्हा एकवीस वर्षांचा, अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकत होता. शिक्षण अर्धवट टाकून तो परत आला आणि तेल-साबणाच्या कंपनीच्या खुर्चीवर बसला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आयबीएम ही अमेरिकन कंपनी भारतातून निघून गेली तेव्हा संगणकाच्या बाजारात जागा रिकामी झाली. तेलवाल्या कंपनीने ती जागा धरली. तीच आजची विप्रो. अमळनेरच्या ज्या लोकांनी सुरुवातीला कंपनीचे शेअर घेऊन पेटीत ठेवून दिले, त्यांच्यातले कितीतरी कोट्यधीश झाले. हे किस्से वर्तमानपत्रांत अनेकदा छापून आले आहेत.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. अमळनेरला शेअरचा पैसा मिळाला, पण संगणकाचे काम मिळाले बंगळुरूला, कारण त्या कामाला लागणारे शिकलेले हात तिथे होते. कारखान्याला माल हवा होता तोवर तो मालापाशी आला. त्याला शिकलेली माणसे हवी झाली तेव्हा तो माणसांपाशी गेला.

आता धुळ्याच्या मागांकडे येऊ. १८५७ नंतर मऊ, आझमगड, बनारस या भागांतून निघालेली विणकर घराणी आग्रा रोडने खाली आली आणि बुऱ्हाणपूर, धुळे, मालेगाव, भिवंडी अशी वाटेत वसत गेली. येताना त्यांच्याजवळ हुनराशिवाय काही नव्हते. हातमाग गेला, यंत्रमाग आला. मुंबईच्या गिरण्यांनी भंगारात काढलेले मागही इकडच्या गल्ल्यांत येऊन पुन्हा चालू झाले. हीसुद्धा सनअतच, घराच्या पुढच्या खोलीत मांडलेली. माग पुरुष चालवतात, कांड्या भरायला घरातल्या बायका-मुली. त्यांच्या कामाची मजुरी वेगळी धरली जात नाही, आणि देशाच्या हिशेबात ते काम दिसतही नाही.

हा धंदा कसा चालतो ते ज्यांच्या घरी माग नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. बहुतेक विणकरांकडे सूत घेण्याएवढे भांडवल नसते. व्यापारी सूत देतो, बीम देतो, विणकर मजुरीवर कापड विणून परत देतो. निघालेले कोरे कापड इथे रंगवले जात नाही. मालेगावच्या कापडाच्या गाड्या राजस्थानात पाली-बालोतऱ्याला जातात, तिथे रंग आणि छपाई होते, आणि मग ते कापड बाजारात येते. हिशेब असा मांडून पाहा. क्विंटलभर कापसातून जिनिंगमध्ये साधारण ३४-३५ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी, तिचे तेल आणि ढेप. रुईचे सूत दुसरीकडे, सुताचे कोरे कापड इथे, रंग तिसरीकडे, कपडा शिवून होतो चौथीकडे. खान्देशात या साखळीची पहिली कडी आहे, म्हणजे कापूस आणि जिनिंग. मधलीही एक कडी आहे, विणाई. पण ज्या कड्यांत पैसा जास्त, म्हणजे रंगाई आणि शिलाई, त्या बाहेर. घरात चार माग असून वाढ का दिसत नाही, याचे मोठे कारण हे आहे.

याच्या उलट उदाहरण बांगलादेशचे. त्या देशात कापूस नावापुरता पिकतो. रुई आणि सूत बाहेरून आणावे लागते, त्यातले पुष्कळ भारतातूनच जाते. कदाचित आपल्याच जिनिंगमधल्या गाठीही. १९७८ मध्ये ढाक्यातल्या 'देश गारमेंट्स'ने दक्षिण कोरियाच्या 'देवू' कंपनीशी करार केला आणि पुढच्या वर्षी १३० माणसे शिवणकाम आणि कारखान्याचे व्यवस्थापन शिकायला कोरियाला पाठवली. काही महिन्यांत ती शिकून परतली. पुढे त्यांतले बहुतेक जण ती कंपनी सोडून गेले आणि त्यांनी आपापले कारखाने काढले किंवा दुसऱ्यांचे उभे करून दिले. आज बांगलादेशच्या निर्यातीत ऐंशी टक्क्यांहून जास्त वाटा शिवलेल्या कपड्यांचा आहे आणि त्या कारखान्यांत लाखो बायका काम करतात. गावाकडच्या मुली शहरात येऊन स्वतःच्या नावाने पगार घेऊ लागल्या. मुलीला शाळेतून काढायची घाई कमी झाली, कारण चार इयत्ता शिकलेल्या मुलीला काम लवकर मिळते हे आईबापांनी पाहिले.

याची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक कामगार गेले. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी त्यांना आत पाठवले होते. स्वस्त कपड्याची ऑर्डर हातची जाऊ नये म्हणून मजुराच्या जिवावर किती बेतावे याचा हिशेब त्या देशाने त्यानंतर नव्याने मांडला. आपल्याकडे सुरत-भिवंडीच्या कारखान्यांत आग लागल्याच्या बातम्या येतात तेव्हा आम्हाला राणा प्लाझा आठवतो. कारखाना आला म्हणजे बरकत आलीच, असे आम्ही म्हणणार नाही.

सरकारने बाजार खुला ठेवावा की बंद, हा वाद आपल्या गल्लीतही आहे, फक्त तो तसा कोणी म्हणत नाही. २०२१ पासून परदेशी कापसावर ११ टक्के आयात शुल्क होते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने ते वर्षअखेरपर्यंत उठवले. अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के कर लावला होता आणि कापड उद्योगाला स्वस्त कापूस हवा होता. जामनेर-चोपड्याच्या शेतकऱ्याला हे ऐकून धडकी भरली, कारण नवा कापूस नुकताच बाजारात यायचा होता. धुळ्याच्या मागवाल्याने तीच बातमी ऐकून म्हटले, सूत उतरेल तर बरे. दोघांचेही खरे आहे, आणि दोघेही कधीकधी एकाच कुटुंबातले असतात. कच्चा माल विकणारा आणि तो विकत घेऊन काम करणारा, यांची गरज एक नसते.

परदेशातही असेच. २००३ मध्ये बेनिन, बुर्किना फासो, माली आणि चाड या चार गरीब आफ्रिकन देशांनी जागतिक व्यापार संघटनेपुढे तक्रार मांडली की अमेरिका आपल्या कापूस शेतकऱ्यांना मोठी अनुदाने देते, त्यामुळे जगातले भाव पडतात आणि आमचा शेतकरी मरतो. बाजार खुला करा असे सांगणारेच स्वतःचा शेतकरी जपतात, हे त्यांचे म्हणणे होते. आमचे मत असे की बाजार खुला असणे वाईट नाही, पण विकायला आपल्याकडे फक्त कच्चा माल असेल तर भाव दुसरा ठरवतो. १८६५ मध्ये तो लिव्हरपूलने ठरवला, आज न्यूयॉर्कचा वायदेबाजार ठरवतो.

केळीचे मात्र थोडे निराळे आहे. केळी तर कच्चाच माल, तरी रावेर-यावलकडे आज जे दिसते त्यात सनअत पुष्कळ आहे. जळगावला भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये रॉकेलच्या किरकोळ धंद्याने सुरुवात केली. पुढे पपईच्या चिकापासून पपेन काढण्याचा कारखाना, मग पाइप, मग ठिबक, मग ऊतिसंवर्धित रोपे. ही रोपे आणि ठिबक आल्यावर घडाचा आकार सारखा होऊ लागला, आणि सारखा माल असला तरच परदेशातला गिऱ्हाईक घेतो. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२१ मध्ये तांदळवाडीच्या शेतकऱ्यांची २२ टन मानांकित केळी दुबईला गेली. ती धुवायची, वजनाने निवडायची, खोक्यात भरायची, थंड करायची. या प्रत्येक कामाला माणूस लागतो, त्यात बायकाही पुष्कळ. दुबईत राहणारे आपले भाऊबंद तिथल्या दुकानात केळी घेतात तेव्हा ती तांदळवाडीची आहे का हे एकदा खोक्यावर वाचून पाहावे.

आता आमच्या वर्गातली गोष्ट. मंदी आली की धुळ्यात माग बंद पडतात आणि मुले नियमित शाळेत येतात. तेजी आली, मजुरी वाढली, की नववीतली मुले दिसेनाशी होतात. घरी जाऊन विचारले तर उत्तर ठरलेले, 'सर, सध्या काम चांगले आहे, तेवढे करून घेऊ द्या.' आईच्या डोळ्यांत संकोच असतो आणि हातात कांडी. त्या घराला आम्ही दोष देत नाही. आठवड्याचा पगार समोर दिसतो, दहावीचा दाखला लांब असतो. पण व्यापारी जेव्हा नवे, आपोआप चालणारे माग आणतो, तेव्हा त्याला ते समजून चालवणारा आणि बिघडले तर दुरुस्त करणारा माणूस लागतो, आणि तो तो बाहेरून आणतो. आमचा नववी सोडलेला मुलगा त्याच्या हाताखाली लागतो. मुलींचे त्याहून कठीण. शिलाईच्या कारखान्यात पर्यवेक्षक व्हायला दहावी, थोडे गणित आणि माप समजणे पुरते. आपल्या मुलींना शिवणे येतेच. मोजायचे आणि लिहायचे काम शाळा शिकवते, आणि आपण तिला शाळेतूनच काढतो.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत विणाई, वीज, फिटर, शिवणकाम असे अभ्यासक्रम आहेत, फी फार नाही. दहावीनंतर एक-दोन वर्षांचे काम. आमच्या मोहल्ल्यांतून तिथे जाणाऱ्यांची संख्या अजून बोटांवर मोजण्याएवढी आहे. अर्जाच्या वेळी उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला हे लागते, आणि ते काढायला मे-जूनमध्ये धावपळ होते. ज्यांच्या घरी या वर्षी दहावीचे मूल आहे त्यांनी हे कागद आताच काढून ठेवावेत.

धुळ्याला मोठी रेल्वे नाही ही आपली जुनी तक्रार. चाळीसगावकडून येणारा फाटा इथेच संपतो. २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड ते इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गाला मंजुरी दिली. खर्च १८,०३६ कोटी रुपये, मार्ग मालेगाव, धुळे, शिरपूरवरून, आणि काम २०२८-२९ पर्यंत पुरे करायचे ठरले आहे. १८६० च्या दशकात रेल्वे आली तेव्हा तिने इथून कापूस नेला. या वेळी डब्यात काय भरले जाईल ते ठरायचे आहे. आमच्या आठवीच्या वर्गातली मुले-मुली ती रेल्वे सुरू होईल त्या सुमारास दहावी पार करून कामाला लागण्याच्या वयाची असतील. या वर्गात आज एकोणचाळीस नावे आहेत, आणि त्यांतली चार मागच्या पंधरा दिवसांपासून गैरहजर आहेत.